गंज, निळाई आणि ठसे : एका जुन्या जर्मन रायफलीचे वाचन

विज्ञानशिक्षकांच्या मासिकात युद्धातल्या रायफलीवर लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. रायफल कशी चालवावी हे सांगणे हा या लेखाचा हेतू नाही. ऐंशी वर्षांपूर्वीची एक पोलादी आणि लाकडी वस्तू हाती आली, तर ती खरी आहे का, तिच्यावर काय काय गुजरले, आणि ती यापुढे कशी टिकवावी, हे रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान आणि थोडे गणित यांच्या आधारे कसे शोधता येते, ते आपण पाहू या. अशा वस्तूची 'साफसफाई' करताना माणसे अनेकदा इतिहासाचा पुरावाच पुसून टाकतात. तो पुरावा किती मोलाचा असू शकतो, तेही ओघात दिसेल.

वस्तू कोणती?

आपण उदाहरण घेऊ 'काराबिनर ९८ के' या रायफलीचे. जर्मनीतील ओबर्नडोर्फ गावच्या माउझर कारखान्यातील १८९८ सालच्या रचनेवर ती आधारलेली होती. 'के' म्हणजे 'कुर्त्स', अर्थात आखूड. जर्मन सैन्याने ती १९३५ मध्ये स्वीकारली आणि १९४५ पर्यंत तिचे एक कोटी चाळीस लाखांहून अधिक नग तयार झाले. लांबी १११ सेंटिमीटर, नळी ६० सेंटिमीटर, वजन चार किलोग्रॅमच्या आसपास, नळीचा व्यास ७.९२ मिलिमीटर. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पायदळाचे हेच मुख्य हत्यार होते. इटलीच्या आघाडीवर ज्या जर्मन पायदळाशी मराठा पलटणी लढल्या, त्याच्या हातीही प्रामुख्याने हीच रायफल असे. त्या आघाडीवर १९४४ मध्ये यशवंत घाडगे यांना मरणोत्तर आणि १९४५ मध्ये नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

युद्धानंतर या रायफली युरोप आणि अमेरिकेत संग्राहकांच्या बाजारात आल्या. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. त्यामुळे येथे आपला संबंध येईल तो संग्रहालयातल्या कपाटाशी. मात्र तपासण्याची रीत कोणत्याही जुन्या लोखंडी वस्तूला लागू पडते.

ठसे काय सांगतात?

नळीच्या मागच्या पोलादी भागावर कारखान्याचा संकेत आणि वर्ष ठोकलेले असते. सुरुवातीला हा संकेत आकड्यांत असे. ओबर्नडोर्फच्या माउझरसाठी 'एस/४२' आणि नंतर नुसते '४२'. पुढे अक्षरे आली. 'बीवायएफ' म्हणजे ओबर्नडोर्फ, 'सीई' म्हणजे झूल गावचा सावर कारखाना, 'बीएनझेड' म्हणजे ऑस्ट्रियातील श्टायर, 'डीओटी' म्हणजे चेक प्रदेशातील ब्रनो, तर 'बीसीडी' म्हणजे गुस्टलोफ कारखाना. कोणता माल कोठे आणि किती तयार होतो हे शत्रूला कळू नये, म्हणून ही सांकेतिक भाषा.

शेजारी गरुडाच्या आकृतीखाली अंक असलेले बारीक ठसे दिसतात. ते लष्कराच्या तपासनिसांचे. प्रत्येक महत्त्वाचा भाग तपासून झाला की ठसा मारला जाई. ओबर्नडोर्फच्या युद्धकाळातील रायफलींवर १३५ हा अंक सापडतो. 'बीएनझेड'च्या नळीवर १३५ क्रमांकाचा तपासनीस दिसला, तर आपण थबकायला हवे. भाग बदलला गेला असेल किंवा कोणीतरी बनवाबनवी केली असेल.

अनुक्रमांकाचे गणितही मजेदार आहे. दरवर्षी प्रत्येक कारखाना १ पासून सुरुवात करी. दहा हजार झाले की अंकापुढे 'ए' हे अक्षर लावून पुन्हा १ पासून मोजणी, मग 'बी', मग 'सी'. म्हणजे '४५२७ सी' ही रायफल त्या वर्षातील ३०,००० + ४,५२७ = ३४,५२७ वी ठरते. कारखाना, वर्ष, अंक आणि अक्षर या चारही गोष्टी मिळाल्याखेरीज ओळख पुरी होत नाही. नुसता ४५२७ हा अंक शेकडो रायफलींवर असू शकतो.

अशा क्रमांकांतून काय बाहेर पडू शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण रणगाड्यांचे आहे. पकडलेल्या जर्मन रणगाड्यांच्या भागांवरील क्रमांक जमवून दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी उत्पादनाचा अंदाज काढला. ऑगस्ट १९४२ साठी हेरांचा अंदाज महिन्याला १,५५० रणगाडे असा होता. संख्याशास्त्रज्ञांनी ३२७ सांगितले. युद्धानंतर जर्मन दप्तरात आकडा सापडला ३४२.

सगळे भाग एकाच घरचे आहेत का?

कारखान्यात बोल्ट, चापाभोवतीचा कडा, दारूगोळ्याच्या पेटीचा तळ, नळी बांधणारे पट्टे, मागची माशी, अगदी लाकडी दस्ता यांवरही तोच क्रमांक वा त्याचे शेवटचे अंक ठोकत. सगळे अंक जुळले तर ती रायफल कारखान्यातून निघाली तशीच राहिली आहे असे मानायला जागा असते आणि संग्राहक तिची किंमत पुष्कळ जास्त धरतात. युद्धाच्या अखेरीस घाई वाढली, तसे लहान भागांवर अंक घालणे कमी होत गेले. म्हणून १९४४ च्या रायफलीत काही भाग बिनअंकी असणे हा दोष नव्हे. १९३८ च्या रायफलीत मात्र तो संशयाचा मुद्दा आहे.

अंक जुळत नसले तरी वस्तू खोटी ठरत नाही. सोव्हिएत सैन्याने पकडलेल्या असंख्य रायफली शस्त्रागारात पूर्ण सुट्या केल्या गेल्या, भाग ढिगांतून उचलून पुन्हा जोडले गेले, पोलाद नव्याने काळे करण्यात आले आणि दस्त्यांवर चपडा लाखेचा लेप चढला. बोल्टवर विजेच्या लेखणीने नवा अंक कोरलेला असतो आणि वर अनेकदा फुलीची खूण असते. युगोस्लाव्हियात क्रागुयेवत्स येथे अशाच रायफलींवरचे जर्मन ठसे घासून त्या देशाचे चिन्ह घातले गेले. नॉर्वेत जर्मन सैन्य मागे टाकून गेलेल्या काही रायफलींना ७.६२ मिलिमीटरची नवी नळी बसली. हा सारा त्या वस्तूच्या आयुष्याचाच भाग आहे. अशी रायफल 'मूळ रूपात' आणण्याच्या हट्टापायी १९४५ नंतरचा इतिहास पुसला जातो.

निळाई म्हणजे काय?

पोलादावरचा निळा-काळा रंग हा रंगाचा थर नाही. तो लोखंडाचाच एक ऑक्साइड आहे, मॅग्नेटाइट. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षार यांच्या सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या द्रावणात पोलाद बुडवले की पृष्ठभागावर मॅग्नेटाइटचा थर धरतो. तो साधारण एक मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, इतका पातळ असतो. स्वतः तो फारसे संरक्षण देत नाही. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत तेल धरून राहते आणि खरे रक्षण तेल करते.

तांबडा गंजही लोखंडाचा ऑक्साइडच, पण पाणी धरून ठेवणारा आणि सच्छिद्र. मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा तो व्यापतो, म्हणून फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खालचे ताजे लोखंड हवेला उघडे पडते. निळाई आणि गंज ही एकाच धातूची दोन ऑक्साइडे आहेत. एक धातूला धरून राहते, दुसरे त्याला सोडून जाते.

यातून एक व्यावहारिक सूचना निघते. गंज काढण्यासाठी व्हिनेगर, लिंबू किंवा फॉस्फरिक आम्ल लावले, तर गंजाबरोबर निळाईही विरघळते. आम्लाला दोन ऑक्साइडांतला 'चांगला' आणि 'वाईट' असा भेद कळत नाही. काचकागदाने घासल्यास तर ठशांच्या कडाही झिजतात, आणि एक मायक्रॉनचा थर जायला दोन-तीन हात पुरतात.

गंज जिवंत आहे की निजलेला, हे आधी ठरवावे. कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुसल्यावर तांबडी-नारिंगी भुकटी आली तर क्रिया चालू आहे. घट्ट, गुळगुळीत, तपकिरी छटा असेल आणि फडके स्वच्छ राहिले तर तो थर स्थिर आहे. त्याला हात लावू नये.

नळीच्या आत

नळीत डोकावण्यापूर्वी रायफल रिकामी आहे याची जाणकाराकडून खात्री करून घ्यायची. वस्तू कितीही जुनी असली तरी या नियमाला अपवाद नाही. मग बोल्ट काढून, नळीच्या एका टोकाला पांढरा कागद धरून दुसऱ्या टोकाने पाहायचे. आत उजवीकडे वळत जाणाऱ्या चार खाचा दिसतात. त्या दर २४ सेंटिमीटरला एक फेरा पूर्ण करतात. परावर्तित प्रकाशाची वर्तुळे एककेंद्री दिसली तर नळी सरळ. कोठे काळसर कडे दिसले तर तेथे नळी आतून फुगली असावी.

नळीतील खड्ड्यांचे कारण रसायनशास्त्रात आहे. त्या काळच्या अनेक काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते आणि नळीत चिकटते. हवेची सापेक्ष आर्द्रता ८४ टक्क्यांच्या वर गेली की हा क्षार हवेतले पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतो. क्लोराइडयुक्त पाण्याचा थेंब पोलादावर बसला की एक लहान विद्युतघट तयार होतो. खड्ड्याच्या तळाशी लोखंड विरघळते, तेथील द्राव आम्लधर्मी बनतो, त्यामुळे आणखी क्लोराइड आत खेचले जाते आणि खड्डा आपला आपण खोल होत जातो. शिपायाने नळीत नुसते तेल फिरवले तर उपयोग नाही, कारण क्षार तेलात विरघळत नाही. आधी पाणी, मग कोरडे फडके आणि शेवटी तेल, हाच क्रम बरोबर. खड्डा एकदा पडला की तेथले लोखंड गेलेले असते. कोणत्याही पॉलिशने ते परत येत नाही.

आणखी एक गोष्ट. या काडतुसाचा कमाल दाब सुमारे ३,९०० वातावरणांइतका असतो. बोल्ट आणि काडतूस यांमधील मोकळी जागा मापकाने तपासल्याखेरीज, विशेषतः बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असताना, असे हत्यार चालवणे जिवावर बेतू शकते. आपल्या दृष्टीने ती पाहण्याची आणि जपण्याची वस्तू आहे.

लाकडाची साक्ष

सुरुवातीचे दस्ते अक्रोडाचे होते. अक्रोडाचे लाकूड वाळवून मुरवायला फार काळ लागतो, आणि युद्ध वाट पाहत नाही. म्हणून १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून बीच लाकडाचे पातळ पापुद्रे फिनॉलिक रेझिनने दाबून चिकटवलेले दस्ते वापरात आले. लाकूड आडवे जास्त आणि उभे फारच कमी आकसते. पापुद्र्यांच्या दस्त्यात ही वाकण्याची खोड आवरली जाते. त्यांवरच्या समांतर रेषा नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या दिसतात.

लाकूड आणि लोखंड जेथे भिडतात तेथे निळे-काळे डाग दिसले तर नवल नको. लाकडातील टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगातून बनणारा तो पदार्थ आपल्या पूर्वजांच्या हिरडा-हिराकसाच्या शाईचा सख्खा भाऊ आहे.

दस्त्यावर अळशीचे तेल चोपडण्याची अनेकांना हौस असते. हे तेल वाळत नाही, तर हवेतील ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि कायमचा थर बनतो. तो पुढे काळवंडतो, धूळ पकडतो आणि सहजी काढता येत नाही. काचकागद मारला तर लाकडावरचे तपासनिसांचे ठसे जातात. ते पुन्हा मिळत नाहीत.

खरे-खोटे

किंमत आली की लबाडीही येते. अंक घासून नवे ठोकणे, दुर्मिळ तुकडीचे ठसे मारणे, साध्या रायफलीवर दुर्बीण बसवून ती नेमबाजाची म्हणून विकणे, असे प्रकार चालतात. त्यांना पकडण्याची साधने साधी आहेत.

पहिले साधन तिरका प्रकाश. टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरली की घासलेल्या जागेचा खोलगटपणा सावलीत दिसतो. दुसरे भिंग. ठसा ठोकताना धातू बाजूला सरकून कडेला बारीक उंचवटा होतो. ठसा निळाईच्या आधीचा असेल तर त्याच्या खोलात निळाई सापडते, नंतरचा असेल तर तेथे उघडा धातू चमकतो. तिसरे साधन अतिनील दिवा. त्याच्या प्रकाशात चपडा लाख नारिंगी चमकते आणि आधुनिक लेप वेगळे दिसतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळा तर घासून टाकलेला अंकही रसायन लावून वर आणतात. कारण ठोक्याने खालचे स्फटिकही विस्कटलेले असतात आणि तेथे रसायनाची क्रिया वेगळ्या वेगाने होते.

खडबडीतपणाचा अर्थ

१९४४-४५ च्या रायफली हातात घेतल्या तर त्या ओबडधोबड वाटतात. हत्यारांचे ओरखडे तसेच ठेवलेले, घडीव पट्ट्यांऐवजी पत्र्याचे दाबून काढलेले पट्टे, अखेरच्या काळात तर संगीन बसवण्याची सोयसुद्धा वगळलेली. एखादा हौशी मालक हे ओरखडे 'सुधारायला' बसतो.

पण ते ओरखडे कोणाच्या हातचे आहेत? 'बीसीडी' संकेताच्या गुस्टलोफ कंपनीने १९४३ पासून बुखेनवाल्ड छळछावणीला लागून कारखाना चालवला. तेथे कैद्यांकडून रायफलीचे भाग करून घेतले जात. २४ ऑगस्ट १९४४ रोजी विमानहल्ल्यात तो उद्ध्वस्त झाला आणि अनेक कैदीही मेले. श्टायर कंपनीनेही माउटहाउझेनच्या गूझेन उपछावणीतील कैद्यांकडून असेच काम करून घेतले. अशा रायफलीचा प्रत्येक ठसा आणि प्रत्येक ओरखडा हा वेठबिगारीचा दस्तऐवज असू शकतो. गरुडाखालील नाझी चिन्हाबद्दलही हेच म्हणता येईल. आपल्या देवघरातल्या स्वस्तिकाशी त्याचा अर्थाने काही संबंध नाही. पण ते घासून टाकल्याने गुन्हा पुसला जात नाही, फक्त त्याचा पुरावा नाहीसा होतो.

जतनाचे नियम

संग्रहालयशास्त्र तीन गोष्टी सांगते. कमीत कमी हस्तक्षेप, उलटवता येईल असाच उपाय, आणि प्रत्येक गोष्टीची नोंद.

१. काहीही करण्यापूर्वी मोजपट्टी ठेवून सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. सर्व ठसे वहीत उतरवावेत.

२. हातमोजे घालावेत. घामात मीठ असते, आणि बोटांचे ठसे काही दिवसांत गंजाच्या रूपाने उमटतात.

३. जुने घट्ट ग्रीस पांढऱ्या रॉकेलसारख्या द्रावकात भिजवलेल्या फडक्याने, धातूवरूनच काढावे. जवळ ज्योत नको, खोली हवेशीर हवी. लाकडाला उष्णता देऊ नये.

४. जिवंत गंज असेल तेथे पातळ तेल लावून थांबावे आणि मग बांबूच्या वा लाकडाच्या काडीने हलकेच उचलावा. पोलादी काथ्या टाळावा, कारण त्याची कठीणता पोलादाइतकीच असते. पितळ किंवा ब्राँझ मऊ असते.

५. शेवटी धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर द्यावा. तो द्रावकाने पुन्हा काढता येतो.

६. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्के आणि शक्य तितकी स्थिर ठेवावी. लोखंडाला याहून कोरडे आवडते, पण लाकूड तडकते. हा दोघांमधला समझोता आहे.

७. चामड्याच्या म्यानात किंवा फोमच्या पेटीत ठेवू नये. चामड्यातील आम्ले आणि फोममध्ये अडकलेला ओलावा दोन्ही घातक असतात.

तापमानाचा एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. खोली २५ अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे १७ अंश येतो. बाहेरच्या ५ अंशांच्या थंडीतून आणलेली रायफल अशा खोलीत ठेवली की तिच्यावर लगेच दव धरते. म्हणून युरोपातील संग्राहक ती प्रथम गुंडाळलेलीच ठेवतात आणि तापमान सारखे झाल्यावरच उघडतात.

वर्गात करून पाहा

यासाठी रायफल लागत नाही. साधे खिळे पुरतात, मात्र जस्ताचा मुलामा नसलेले.

निळाई : खिळा काचकागदाने घासून साबणाने धुवा. तळाला थोडे पाणी असलेल्या झाकणाच्या बाटलीत तो पाण्याला न टेकता रात्रभर टांगा. तांबूस पातळ गंज धरेल. आता खिळा स्वच्छ पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळा. तांबडा थर काळा होतो. फडक्याने हलके पुसून ही कृती तीन-चारदा करा आणि शेवटी तेल लावा. जुने बंदूककार निळाई जवळजवळ अशीच चढवत.

शाई : गंजलेल्या खिळ्यावर हिरड्याचा दाट काढा लावा. गंज काळा पडतो. हेच तत्त्व वापरून संग्रहालयांत काही लोखंडी वस्तू टॅनिक आम्लाने स्थिर करतात.

क्षार आणि तेल : एका पेल्यात खोबरेल तेल, दुसऱ्यात पाणी घेऊन दोन्हींत चिमूटभर मीठ ढवळा. नळी आधी पाण्यानेच का धुवायची, हे विद्यार्थी स्वतः सांगतील.

क्रमांकाचा अंदाज : पिशवीत १ पासून क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या टाका. किती, ते मुलांना सांगू नका. चार चिठ्ठ्या काढू द्या. सर्वांत मोठा अंक त्याच्याच चौथ्या हिश्श्यात मिळवून एक वजा करा. मोठा अंक ६० असेल तर अंदाज ६० + १५ − १ = ७४. प्रयोग वीसदा करून सरासरी पाहा.

गावातल्या देवळाची घंटा, शाळेच्या अडगळीतले शिवणयंत्र, आजोबांची तराजू अशा वस्तूंवरही ठसे, क्रमांक, लेप आणि गंज असतात. कोणी त्या चकचकीत करायला घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांच्या हाती भिंग, टॉर्च आणि वही द्यावी, आणि काय दिसते ते आधी लिहून काढायला सांगावे.